‘शुक्रवारनंतर रिपोर्ट परत द्यायचा का?’

प्रश्न : ताई, नमस्कार. माझं शिक्षण मराठी माध्यमातलं. नोकरीला बरीच वर्षं झाली. इंग्रजी वाचता येतं, मेल लिहिता येतात, काळ-बिळ सहसा चुकत नाहीत. पण ‘इन, ऑन, ॲट, टू, बाय’ ही मंडळी मला छळतात. एका परदेशी ग्राहकाला मी लिहिलं, ‘द रिपोर्ट विल बी विथ यू अनटिल फ्रायडे’. त्यांचं उत्तर आलं, म्हणजे शुक्रवारनंतर तो तुम्हाला परत द्यायचा का? ते थट्टा करत होते की खरंच विचारत होते, हेही कळलं नाही. त्याआधी एका नव्या सहकाऱ्याच्या विनोदावर आम्ही सगळे खूप हसलो, ते त्याला सांगायला मी म्हणाले, ‘वी वेअर ऑल लाफिंग ॲट यू’. त्याचा चेहराच पडला. मैत्रीण म्हणते, अशा शब्दांच्या याद्या मिळतात, त्या पाठ कर. मुलगी म्हणते, ‘डिस्कस अबाउट’ चूक आणि ‘टॉक अबाउट’ बरोबर, पण का ते तिलाही सांगता येत नाही. आणि आमचे साहेब म्हणतात, वाक्याच्या शेवटी प्रिपोझिशन आलं की लिहिणारा अडाणी दिसतो. यातलं खरं काय? यादी पाठ करू का?
– एक वाचक

उत्तर : नमस्कार.

यादी पाठ करू नका. हौस असेल तर जरूर करा, पण तुमचं दुखणं त्यानं बरं व्हायचं नाही. याद्यांमध्ये ‘चूक’ आणि ‘बरोबर’ असे दोन रकाने असतात, आणि तुमची दोन्ही वाक्यं व्याकरणाच्या दृष्टीनं अगदी निर्दोष आहेत. शुद्धलेखन तपासणारं सॉफ्टवेअर त्यांच्याखाली लाल रेघ मारणार नाही. अडचण एवढीच की ती वाक्यं तुमच्या मनात नव्हतं ते सांगतात. तुमच्या ग्राहकानं थट्टा केली असो वा नसो, वाक्य त्यांनी जसं होतं तसंच वाचलं: रिपोर्ट शुक्रवारपर्यंत तुमच्याकडे राहील. मग पुढे काय, हा प्रश्न कोणालाही पडेल.

तुमच्या पत्रावरून मला वाटतं, तुम्ही इंग्रजी शब्द निवडताना मराठीतला प्रत्यय समोर ठेवता आणि त्याचा जोडीदार शोधता. ‘त’ म्हणजे इन, ‘वर’ म्हणजे ऑन, ‘पर्यंत’ म्हणजे अनटिल. निम्म्या वेळा हे जमून जातं, म्हणून सवय सुटत नाही. पण मराठीत काही मोजके शब्द असे आहेत की जिथे आपण एकाच शब्दावर भागवतो आणि इंग्रजी दोन मागते. घसरायला होतं ते बहुतेक तिथेच. ‘पर्यंत’ हा त्यातला सगळ्यात महागात पडणारा, म्हणून त्याच्याकडे जरा निवांत बघू.

‘शुक्रवारपर्यंत रिपोर्ट देते’ आणि ‘शुक्रवारपर्यंत इथेच आहे’. दोन्हीकडे ‘पर्यंत’. पहिल्या वाक्यात शुक्रवार ही मुदत आहे. गोष्ट एकदाच घडायची, त्या दिवसाच्या आत केव्हाही. दुसऱ्यात शुक्रवार हा शेवट आहे. एक स्थिती आत्ता चालू आहे, ती अखंड चालणार आणि शुक्रवारी थांबणार. मराठीत हा फरक क्रियापद सांभाळून घेतं. देणं एका क्षणात उरकतं, असणं चालू राहतं, त्यामुळे ‘पर्यंत’ला वेगळं काही करावं लागत नाही. इंग्रजी तो भार त्या छोट्या शब्दावर टाकते: मुदत असेल तर बाय, शेवट असेल तर अनटिल. शंका आली की मराठी वाक्यात ‘सतत’ घालून बघा. ‘शुक्रवारपर्यंत सतत इथेच आहे’ चालतं, म्हणून अनटिल. ‘शुक्रवारपर्यंत सतत रिपोर्ट देते’ हे हास्यास्पद वाटतं, म्हणून बाय. तुम्हाला लिहायचं होतं ते ‘द रिपोर्ट विल बी विथ यू बाय फ्रायडे’. एक शब्द बदलला, बाकी वाक्य तेच.

नकार आला की हे आणखी टोकदार होतं. ‘काम शुक्रवारपर्यंत संपणार नाही’ असं तुम्ही म्हणालात, तर शुक्रवारी संपेल की शुक्रवारीही संपणार नाही? मराठीत दोन्ही अर्थ निघतात. सुरावरून आणि आगापिछा बघून आपण समजून घेतो. इंग्रजीत ‘आय वोन्ट फिनिश अनटिल फ्रायडे’ म्हटलं तर ऐकणारा समजतो, शुक्रवारच्या आधी नाही, पण शुक्रवारी होऊन जाईल. ‘आय वोन्ट फिनिश बाय फ्रायडे’ म्हटलं तर तो समजतो, शुक्रवार हुकला, आता पुढचा आठवडा. एक जण शुक्रवारी दुपारी तुमच्या मेलची वाट बघत बसेल, दुसरा स्वतःचं वेळापत्रक बदलेल.

जाता जाता एक सांगते. ‘बाय फ्रायडे’ बरोबर असलं तरी शुक्रवार सकाळ की शुक्रवार रात्र, हे त्यात येत नाही. ‘अनटिल फ्रायडे’मध्ये शुक्रवार धरायचा की नाही, यावर तर इंग्रजी मातृभाषा असलेल्यांचंही एकमत होत नाही. अमेरिकन लोक त्यासाठीच ‘मंडे थ्रू फ्रायडे’ म्हणतात, त्यात शुक्रवार धरलेला असतो. पैशाचा किंवा करारातल्या मुदतीचा प्रश्न असेल तर दिवसासोबत वेळही लिहा आणि मोकळ्या व्हा.

वेळेचाच आणखी एक सापळा आहे, आणि यात चांगलं इंग्रजी येणारी माणसंही अडकतात. ‘दोन तासांत फोन करते’ याचं इंग्रजी आपण करतो ‘आय विल कॉल यू इन टू अवर्स’. ‘त’ म्हणजे इन, सरळ हिशेब! पण ऐकणाऱ्याला त्याचा अर्थ लागतो ‘दोन तासांनी फोन करते’. तो दोन तास निर्धास्त होतो, फोन बाजूला ठेवून कामाला लागतो आणि तुमचा फोन चाळीस मिनिटांतच वाजतो. तुम्हाला जे म्हणायचं होतं त्यासाठी ‘विदिन टू अवर्स’ हवं. गंमत म्हणजे झालेल्या कामाबद्दल बोलताना ‘त’ आणि इन पुन्हा गळ्यात गळे घालतात: ‘दोन तासांत संपवलं’ म्हणजे ‘आय फिनिश्ड इट इन टू अवर्स’, इथे काहीच बिघडत नाही. तेव्हा पुढच्या वेळेबद्दल बोलत असाल तर ‘तासांत’ला विदिन आणि ‘तासांनी’ला इन, एवढं ध्यानात ठेवलंत तरी पुरे.

बाकीचे जुळे भराभर सांगते.

‘वाटेत’. ‘मी वाटेत आहे’ म्हणजे ‘आय ॲम ऑन द वे’, निघाले, पोहोचतेच. ‘माझ्या वाटेत येऊ नकोस’ म्हणजे ‘डोन्ट गेट इन माय वे’. ताटकळत थांबलेल्या माणसाला तुम्ही ‘आय ॲम इन द वे’ असं कळवलंत तर तुम्ही त्याला सांगता आहात की मी अडथळा आहे. ‘बाय द वे’ हे तिसरंच, त्याचा वाटेशी आता फारसा संबंध उरलेला नाही. ‘बरं, आणखी एक’ एवढाच अर्थ.

‘समोर’. ‘गाडी बँकेसमोर उभी आहे’ म्हटल्यावर ती बँकेच्या दाराशी की रस्त्यापलीकडे? इन फ्रंट ऑफ म्हणजे त्याच बाजूला, दारापुढे. मधे रस्ता असेल तर ऑपोझिट. अमेरिकेत अक्रॉस फ्रॉम म्हणतात. ‘तो माझ्यासमोर बसला होता’ याचंही तसंच. नाटकाला गेलात आणि त्याची पाठ तुमच्याकडे होती, तर इन फ्रंट ऑफ. टेबलापलीकडे तोंड तुमच्याकडे करून बसला होता, तर ऑपोझिट. पत्ता सांगताना हे चुकलं की येणारा माणूस चुकीच्या फुटपाथवर उभा राहून तुम्हाला फोन करतो.

‘शेवटी’. ‘मीटिंगच्या शेवटी’ असेल तर ॲट द एंड, आणि त्याच्यामागे कशाचा तरी शेवट लागतो: ॲट द एंड ऑफ द मीटिंग. ‘शेवटी एकदाचे ते तयार झाले’ असेल तर इन द एंड. पहिला शेवट जागा दाखवतो, दुसरा निकाल सांगतो.

‘पासून’. ‘दोन वर्षांपासून इथे आहे’ याचं ‘सिन्स टू इयर्स’ होतं, आणि हे मात्र खरोखरच चूक आहे. कॅलेंडरवर बोट ठेवता येत असेल तर सिन्स: सिन्स 2019, सिन्स मंडे. लांबी मोजायची असेल तर फॉर: फॉर टू इयर्स.

‘तो तुला विचारत होता.’ हे वाक्य मला फार आवडतं, कारण ते किती निरुपद्रवी दिसतं! तुमची ख्यालीखुशाली विचारत असेल तर ‘ही वॉज आस्किंग आफ्टर यू’. त्याला तुम्ही हव्या असाल, भेटायचं असेल, फोनवर बोलायचं असेल, तर ‘ही वॉज आस्किंग फॉर यू’. पहिल्या वाक्याला उत्तर ‘अरे वा, कसा आहे तो?’ दुसऱ्याला उत्तर म्हणजे उठून जायचं.

सगळीकडे मराठी दगा देते असं समजू नका. ‘वेळेवर’ आणि ‘वेळेत’ हा फरक आपल्याकडे इंग्रजीसारखाच आहे, अगदी प्रत्ययांसकट. गाडी वेळेवर आली, म्हणजे ठरलेल्या मिनिटाला: ऑन टाइम. डॉक्टर वेळेत पोहोचले, म्हणजे उशीर व्हायच्या आत: इन टाइम. गाडी ऑन टाइम सुटली आणि तुम्ही ती पकडायला इन टाइम पोहोचला नाहीत, हे सहज होऊ शकतं. आकड्यांतही तसंच. ‘खर्च वीस टक्क्यांनी कमी करा’ आणि ‘खर्च वीस टक्क्यांवर आणा’ यांत आपला कधी घोटाळा होत नाही. इंग्रजीत मात्र घाईत बाय आणि टू यांची अदलाबदल होते आणि लक्षातही येत नाही. ‘रिड्यूस इट बाय ट्वेंटी पर्सेंट’ म्हणजे शंभरातले ऐंशी उरले. ‘रिड्यूस इट टू ट्वेंटी पर्सेंट’ म्हणजे वीसच उरले. बजेटच्या मेलमध्ये हा शब्द दोनदा वाचत जा.

आता तुमचं ते ‘लाफिंग ॲट यू’.

ॲट या शब्दात निशाणा आहे. ज्याच्या आधी तो लागतो, त्याच्यावर क्रिया रोखलेली असते. टू मध्ये मिळणारा आहे. तिथे काहीतरी पोहोचवायचं असतं. ‘ही थ्रू द बॉल टू मी’ म्हणजे मी झेलावा म्हणून त्यानं चेंडू माझ्याकडे टाकला. ‘ही थ्रू द बॉल ॲट मी’ म्हणजे मला लागावा म्हणून फेकून मारला. चेंडू तोच, हात तोच, हेतू वेगळा. ‘ही शाउटेड टू मी’ म्हणजे लांबून हाक मारून काहीतरी सांगितलं, कदाचित माझ्या भल्याचंच. ‘ही शाउटेड ॲट मी’ म्हणजे माझ्यावर डाफरला. (मराठीत आपण ‘माझ्यावर’ ओरडतो, म्हणून ‘शाउटेड ऑन मी’ सर्रास ऐकू येतं. ते इंग्रजीत कुठेच बसत नाही.) ‘टॉक टू’ म्हणजे बोलणं, ‘टॉक ॲट’ म्हणजे समोरच्याला तोंड उघडायची संधी न देता त्याच्यावर बोलण्याचा मारा करणं. असे लोक आपण सगळेच ओळखतो.

पण ॲट म्हणजे वैर, अशी खूणगाठ बांधू नका. ‘स्माइल ॲट’ आणि ‘लुक ॲट’ यांत काही वाईट नाही, तिथे निशाणा फक्त नजरेचा असतो. हसण्याचा निशाणा माणूस झाला की मात्र ती टिंगल होते. म्हणून तुमच्या वाक्यात खरं तर ॲट बदलायची गरजच नव्हती. ‘वी वेअर ऑल लाफिंग ॲट युअर जोक’ म्हटलं असतंत तर निशाणा विनोदावर गेला असता आणि विनोद करणाऱ्याला त्याहून वेगळं काय हवं असतं? त्या सहकाऱ्याला अजून हे सांगितलं नसेल तर सांगून टाका. ‘आय मेंट, ॲट युअर जोक’ एवढ्यात भागेल.

ॲटचा आणखी एक गुण सांगते, कारण पुढचा मुद्दा त्यावरच उभा आहे. निशाणा धरला म्हणजे तो लागतोच असं नाही. ‘ही शॉट द टायगर’ म्हणजे गोळी वाघाला लागली. ‘ही शॉट ॲट द टायगर’ म्हणजे वाघाच्या दिशेनं झाडली, लागली की नाही ते पुढच्या वाक्यात कळेल. ‘शी ग्रॅब्ड द रोप’ म्हणजे दोर हाती आला. ‘शी ग्रॅब्ड ॲट द रोप’ म्हणजे पकडायला गेली. मधे एक छोटा शब्द आला आणि क्रिया आणि वस्तू यांच्यात अंतर पडलं.

म्हणजे कोणता शब्द घ्यायचा याइतकाच, घ्यायचा की नाही हाही प्रश्न आहे. ‘द पोलीस सर्च्ड हिम’ म्हणजे पोलिसांनी त्याची झडती घेतली. तो त्यांच्या हातातच होता. ‘द पोलीस सर्च्ड फॉर हिम’ म्हणजे त्याचा शोध घेतला; तो सापडलेला नव्हता. ‘आय नो हिम’, माझी ओळख आहे. ‘आय नो ऑफ हिम’, नाव ऐकून आहे. ‘आय बिलीव्ह हिम’, तो आत्ता सांगतोय ते मला खरं वाटतं. ‘आय बिलीव्ह इन हिम’, माझा त्याच्या कुवतीवर भरवसा आहे. आजची त्याची एखादी थाप पकडली तरी तो भरवसा कदाचित टिकेल.

तुमच्या मुलीचा प्रश्न इथेच सुटतो. ‘टॉक’ म्हणजे नुसतं बोलणं, त्यामुळे कशाबद्दल ते सांगायला अबाउट लागतं. ‘डिस्कस’च्या पोटातच ‘बद्दल’ आहे. ते क्रियापद विषयाला थेट हात घालतं: ‘वी डिस्कस्ड द बजेट’. गोंधळ होतो तो ‘डिस्कशन’ या नामामुळे, कारण त्याच्यामागे अबाउट चालतं. ‘रिक्वेस्ट’चंही हेच. नाम असेल तर ‘अ रिक्वेस्ट फॉर लीव्ह’, क्रियापद असेल तर ‘आय रिक्वेस्टेड लीव्ह’, मधे फॉर नको. ‘एंटर द रूम’ म्हणजे खोलीत शिरणं; ‘एंटर इन्टू’ म्हटलं की सहसा करार किंवा वाटाघाटी येतात. ‘मॅरी’ला तर काहीच लागत नाही. ‘शी मॅरीड हिम’. त्याच्या‘शी’ लग्न केलं म्हणून आपण विथ घालतो, आणि तो विथ आपला आपणच जन्माला घातलेला असतो. लग्न झाल्यानंतरची स्थिती सांगायची असेल तर ‘मॅरीड टू हिम’.

ऑफिसमध्ये दोन क्रियापदं जपून वापरा, तिथे शब्दाला पैशाची किंमत असते. ‘आय अग्री विथ युअर प्रपोजल’ म्हणजे तुमचा प्रस्ताव मला पटतो. ते मत झालं. ‘आय अग्री टू युअर प्रपोजल’ म्हणजे मला तो मान्य आहे, पुढची कागदपत्रं करा. ‘वी अग्रीड ऑन द प्राइस’ म्हणजे दोघांनी मिळून भाव ठरवला. पुरवठादाराला नुसता दुजोरा द्यायचा असताना टू लिहिलंत तर तो दुसऱ्या दिवशी बिल पाठवेल, आणि त्याचं काही चुकलं असं म्हणता येणार नाही. दुसरं ‘अप्रूव्ह’. ‘शी अप्रूव्ह्ड द प्लॅन’ म्हणजे मंजुरी दिली, सही झाली. ‘शी अप्रूव्ह्ज ऑफ द प्लॅन’ म्हणजे तिला योजना आवडली, पण सहीचा अधिकार तिला असेलच असं नाही. मंजुरीची वाट बघणाऱ्या माणसाला तुम्ही दुसरं वाक्य पाठवलंत तर तो ‘मग सही?’ असं विचारणारच.

विथवरून आठवलं. ‘ही फॉट विथ द फ्रेंच’ या वाक्यात तो फ्रेंचांविरुद्ध लढला की फ्रेंचांच्या बाजूनं? इंग्रजी मातृभाषा असलेल्यांनाही हे नुसत्या वाक्यावरून सांगता येणार नाही. याचं कारण जुनं आहे. जुन्या इंग्रजीत विथचा मूळ अर्थ ‘विरुद्ध’ असा होता; ‘विथस्टँड’ म्हणजे विरोधात टिकून राहणं, यात तो अजून शिल्लक आहे. ‘सोबत’ या अर्थी तेव्हा ‘मिड’ असा वेगळा शब्द होता, जर्मनमधल्या ‘मिट’चा भाऊबंद. पुढे विथनं ‘मिड’ची जागा बळकावली. ‘मिडवाइफ’ या शब्दात तो तेवढा अडकून राहिला, म्हणजे बाळंतिणीच्या सोबत असणारी बाई. आपलं ‘शी’ही असंच दुतोंडी आहे: शत्रूशी लढतो आणि मित्राशी बोलतो. संदिग्धता नको असेल तर अगेन्स्ट किंवा अलाँगसाइड लिहा आणि इतिहासावर सोडू नका.

मग करायचं काय? इंग्रजी शब्द शोधायच्या आधी नातं मराठीत बोलून घ्या. मुदत की शेवट? निशाणा की मिळणारा? मत की मंजुरी? लिंकन यांनी 19 नोव्हेंबर 1863 रोजी गेटिसबर्गला केलेल्या भाषणातली ‘ऑफ द पीपल, बाय द पीपल, फॉर द पीपल’ ही ओळ आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. तीन वेळा ‘पीपल’च. लोकांचं, लोकांनी, लोकांसाठी: मालकी कोणाची, कारभार कोणाचा आणि फायदा कोणाचा, हे तीन वेगळे प्रश्न तीन बारक्या शब्दांनी सोडवले. मराठी करताना कोणी अडखळत नाही, कारण आपण आधी नातं समजून घेतो आणि मग प्रत्यय लावतो. इंग्रजी लिहिताना तोच क्रम ठेवा.

स्वतःच्या पाठवलेल्या मेलमधून ‘पर्यंत’, ‘तासांत’, ‘समोर’, ‘वर’, ‘शी’ या अर्थाची वाक्यं शोधून काढा. तुमच्या चुका तुमच्याच वाक्यांत असतात, यादीवाल्याला त्या ठाऊक नसतात. प्रत्येक वाक्याखाली त्याच वाक्याचं दुसरं रूप लिहा आणि दोन्हींचा मराठी अर्थ मांडा. बायचं अनटिल करून बघा, ॲटचं टू करून बघा. काही ठिकाणी अर्थ बदलेल, काही ठिकाणी वाक्यच मोडेल. मोडणारी वाक्यं म्हणजे निव्वळ सवयीचा मामला: डिपेंड ऑन, इंटरेस्टेड इन, अफ्रेड ऑफ. तिथे ऑनच का, हे विचारण्यात काही हशील नाही. शेपटासकट तो एकच शब्द आहे असं समजून घोका. घोकंपट्टी करायचीच असेल तर ती इथे करा.

काही ठिकाणी मात्र बिनधास्त राहा, कारण तिथे त्यांचंच ठरलेलं नाही. ब्रिटिश ‘ॲट द वीकेंड’ म्हणतात, अमेरिकन ‘ऑन द वीकेंड’. ‘डिफरंट फ्रॉम’ सगळीकडे चालतं, ब्रिटनमध्ये ‘डिफरंट टू’ ऐकू येतं, अमेरिकेत ‘डिफरंट दॅन’. फॉर्म ‘फिल इन’ करा किंवा ‘फिल आउट’, एक आत आणि एक बाहेर असूनही तो भरलाच जातो. यातल्या कशानंही तुमचा ग्राहक बुचकळ्यात पडणार नाही.

राहता राहिले साहेब. वाक्याच्या शेवटी प्रिपोझिशन नको, हा आग्रह जुना आहे. कवी जॉन ड्रायडन यांनी 1672 मध्ये नाटककार बेन जॉन्सन यांच्या लेखनात हा दोष काढला होता. लॅटिनमध्ये असं वाक्य होत नाही, म्हणून इंग्रजीतही होऊ नये, असं पुढे अनेक व्याकरणकारांना वाटलं. इंग्रजी बोलणाऱ्यांनी ते कधी मनावर घेतलं नाही. ‘व्हॉट आर यू लुकिंग ॲट?’ हे वाक्य ‘ॲट व्हॉट आर यू लुकिंग?’ असं फिरवलंत तर लोक तुमच्याकडेच बघतील. शिवाय कर्मणी रचनेत ते शब्द कितीदा तरी शेवटीच येतात: ‘द मॅटर वॉज लुक्ड इन्टू’. इथे इन्टू काढला तर प्रकरणाचा तपास होण्याऐवजी वाक्याचाच तपास करावा लागेल. तरी साहेबांशी यावरून वाद घालू नका. त्यांच्या सहीनं जाणाऱ्या पत्रात ‘द पर्सन टू हूम वी स्पोक’ लिहा, तुमच्या नावानं जाणाऱ्या मेलमध्ये ‘द पर्सन वी स्पोक टू’ राहू द्या. अर्थ दोन्हीकडे तोच आहे.